जामसिंगचा अंगठा

शनिवारी सकाळी धुडकू आप्पांच्या दारात दोन माणसं आली. बाई तडक ओटा चढली. पुरुष मात्र अंगणातच उकिडवा बसला आणि काही केल्या वर येईना.

शहाद्यात धुडकू आप्पांना ओळखत नाही असा माणूस विरळा. आधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, आणि धुडकू जगला तो चांगला साठीला पोचला. अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली चार सातपुड्यात, धडगावच्या ठाण्यात. मग एका साहेबाशी वाजलं आणि त्यांनी नोकरीला रामराम ठोकला. तेव्हापासून लोकांच्या खासगी चौकशा करतात. त्यांच्याकडे रोज सकाळी चहाला येणारा शांतीलाल हा सरकीचा व्यापारी. मन मोठं, डोकं बेताचं. हे तो स्वतःच सांगायचा, म्हणून आपण म्हटलं तरी पाप लागायचं नाही.

"अरे भाऊ, वर ये ना! खाटवर बस," शांतीलाल अंगणाकडे बघून ओरडला. "चहा शे तयार."

"नको," तो माणूस म्हणाला.

"काबर नको? इतला लांबतून ऊना, पायात जोडाबी नही..."

"नको," तो पुन्हा म्हणाला. केस विस्कटलेले, अंगावर धुळीचा थर, हातात काठी. चार दिवसांत पाणी पाहिलं नसावं असा अवतार. शांतीलालने नाक मुरडलं आणि त्याच्या वाटचा चहा स्वतःच प्यायला घेतला.

बाईचं नाव भुरीबाई. अंगणातला तो तिचा नवरा, जामसिंग. हे नाव ऐकताच शांतीलालचा कप हवेतच राहिला, कारण दोन दिवस अख्ख्या बाजारात त्याच नावाचा बोभाटा चालला होता.

साल होतं एकोणीसशे बासष्ट. जिल्हा परिषदा नव्यानेच येऊ घातल्या होत्या आणि तिकिटांसाठी पुढाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. डोंगरपायथ्याच्या गटातून पक्षाने जामसिंग पावराला उभं करावं, असं वरच्या चाळीस पाड्यांनी एकमुखाने सांगितलं होतं. दहा वर्षं हा माणूस पक्षाचा झेंडा खांद्यावर घेऊन डोंगर तुडवत होता. आणि गुरुवारी कचेरीत कागद आला, की मी जामसिंग माझी मागणी स्वखुशीने मागे घेतो. खाली अंगठा.

"माझ्या माणसाने अंगठा दिला नाही," भुरीबाई म्हणाली. डोंगरातली माणसं साहेब असो की सावकार, सगळ्यांना अरे-तुरेच करतात, तशीच ती बोलत होती. "तू कागद बघ. पाड्यावर सगळे म्हणतात, जामसिंग बैलजोडीला विकला गेला. मंगळवारी होळी. त्याला होळीत बावा म्हणून नाचायचंय. पंच म्हणतात, ज्याने अंगठा विकला त्याला होळीपाशी उभं करायचं नाही. आप्पा, तिकीट गेलं तर जाऊ दे. होळीतून काढलेल्या माणसाला आमच्यात जागा नसते. त्याच्या पोरांनाबी नसते."

बोलताना तिचा आवाज फाटला. पण ती नवऱ्याच्या जवळ गेली नाही. ओट्यावरून उतरून चार हात लांब उभी राहिली, आणि तोही तिच्यापासून सरकून बसला.

"कागद दिला तेव्हा कोणी पाहिलं?" आप्पांनी विचारलं.

"कोणीतरी पाहिलं म्हणतात. कोणी, ते सांगत नाहीत. कचेरीत दार लावून बोलतात. आम्हाला आत घेत नाहीत."

"याआधी कुठे अंगठा दिला होता का रे, जामसिंग?"

"लई वेळा," जामसिंग म्हणाला. "सभासदाच्या पावतीवर. पौषात जंगलाच्या अर्जावर. दगाजी पाटील, सरलाबाई, वीरसिंग, तिघं आले होते पाड्यावर. सगळ्यांचे अंगठे घेतले. दिव्याची काजळी, तेलात कालवून."

"अर्ज वाचून दाखवला?"

"अर्ज कुठं होता तेव्हा? टाइपाची मशीन तर खाली, कचेरीत. आधी अंगठा, मग अर्ज. नेहमी तसंच करतात. लोकांना परत गोळा करायचं तर दोन दिवस जातात."

आप्पांनी आतून शाईचं पॅड आणलं. "अंगठा दे. कागदावरच्या ठशाशी ताडून बघतो."

जामसिंगने हात मागे घेतला. "शाई नको. होळीनंतर दे शाई."

शांतीलालने आप्पांना कोपराने ढोसलं. आप्पांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी काचेचा तुकडा धोतराने पुसला आणि त्यावर अंगठा नुसता कोरडाच दाबायला सांगितला. तो जामसिंगने ताबडतोब दाबला. अंगठा स्वच्छ होता. शाई नाही, काजळी नाही.

दोघं निघून गेल्यावर शांतीलाल उसळला. "आप्पा, ह्या माणूसना पोटमा काळं शे! चहा नको, खाट नको, शाई नको. बायकोबी जवळ उभी राहत नही. चोरना मनमा चांदनं!"

"बघू," आप्पा म्हणाले. "आधी कागद तर बघू."

*

पक्षाची कचेरी बाजारपेठेत वरच्या मजल्यावर होती. तालुका अध्यक्ष दगाजी पाटील गादीवर तक्क्याला टेकून बसले होते. तापीकाठचे केळीवाले बागाईतदार, अंगाने भरलेले, आवाजाने त्याहून. त्यांना आपल्या पुतण्याला तिकीट द्यायचं होतं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नव्हतं.

"ह्या बघा आप्पा, मी काही साधू नही," ते म्हणाले. "गुरुवारी चार वाजता मी कचेरीत ऊनू, तर ह्या कागद मन्हा टेबलवर पडेल व्हता. वाचीसनी खुश व्हयनू, फाईलमा लाई दिना. कोणी ठेवा ते मी इचारंच नही. मी काबर इचारू?"

"तुमच्या पुतण्याचं तिकीट पक्कं झालं म्हणायचं."

दगाजींचा चेहरा पडला. "कसानं पक्कं! डोंगरवाला बोंबली ऱ्हायनात, कागद दगाजीनीच बनाडा. निरीक्षक म्हणतो, दोन्ही बाजूंचा बभ्रा आहे तर तिसरं नाव घेऊ. सोमवारी तो धुळ्याहून येई ऱ्हायना."

"तिसरं नाव कोणाचं?"

"सरलाबाईंचं. दुसरं कोण शे?"

आप्पांनी कागद मागितला. फुलस्केपचं पान, मराठी टाइपरायटरवर टाइप केलेलं. मजकूर चारच ओळींचा, पण दोन ओळींमध्ये चार-चार बोटं जागा सोडून पार पानाच्या तळापर्यंत आणलेला. तळाशी काळा ठसा आणि त्याला लागून टाइप केलेलं, 'जामसिंग, निशाणी डावा अंगठा'.

आप्पांनी काचेवरच्या ठशावर शिसपेन्सिलीची पूड भुरभुरली आणि दोन्ही ठसे भिंगाखाली धरले.

"अंगठा जामसिंगचाच आहे," आप्पा शेवटी म्हणाले. "शंका नको."

"मी काय म्हणू ऱ्हायनू!" शांतीलालने मांडीवर थाप मारली.

"शेठ, तुम्ही बघा जरा. तुमची नजर चांगली आहे. काय दिसतं?"

शांतीलालने एक डोळा मिटला. "दिसस काय, गावठी काम! टाइप करणाराले शिस्त नही. कागद इतला मोठा, ओळी चार. आनि शेवटला 'ठा' तर पार ठसावर चढी गया. काळावर निळं अक्षर. धड बाजूले करता नही येत?"

"नाही येत खरं," आप्पा म्हणाले आणि कागद परत दिला. "पाटील, टाइपरायटरच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?"

"मन्हाकडे, सरलाबाईकडे आनि वीरसिंगकडे. जुना कागदपत्र, अर्ज, बठं तठेच कपाटमा ऱ्हास."

*

वीरसिंग जिन्याखाली भित्तिपत्रकांना खळ लावत बसला होता. तोही पावरा आदिवासीच, जामसिंगच्या शेजारच्या पाड्यावरचा, तिशीतला. सातवी पास. कचेरीतलं टाइपिंग तोच करायचा. आप्पांना बघून त्याने मान वर केली नाही.

"मीच टाइप केलं, असं म्हणायला आलात ना?" त्याने विचारलं.

"केलं का?"

"नाही. पण म्हणा. सगळे म्हणतायत." त्याने खळीचा हात फडक्याला पुसला. "आप्पा, खरं सांगू? माझ्या पोटात दुखतं. अर्ज मी लिहितो, सभेचे कागद मी चिकटवतो, आणि लोक म्हणतात उमेदवार जामसिंग. त्याला स्वतःचं नाव वाचता येत नाही. का? तर तो लोकांबरोबर उपाशी राहिला. मीही राहिलोय की!"

"गुरुवारी दुपारी कुठे होतास?"

"इथेच. एकटाच. साक्षीला कोणी नाही." तो कडू हसला. "जेवायला म्हणून तासभर नदीवर गेलो होतो. कचेरी बंद करून. आलो तेव्हा पाटील कागद वाचत होते."

"पौषातला जंगलाचा अर्ज तूच टाइप केला होतास?"

"हो. अंगठ्यांची सहा पानं होती. पाच लागली. सहावं उरलं, ते कपाटात ठेवलं."

"त्यावर कोणाचा अंगठा होता?"

वीरसिंग पुन्हा खळ ढवळायला लागला. खळीच्या डब्यात बघत म्हणाला, "आठवत नाही."

बाहेर आल्यावर शांतीलाल आप्पांच्या कानाशी लागला. "ह्याच तो! आठवत नही म्हणे! सहावं पान ह्याच पोऱ्यानी वापरं. जळतंय त्याचं, तो स्वतःच सांगस."

"जो स्वतःच सांगतो त्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न आहे," आप्पा म्हणाले. "चला लोणखेड्याला. उन्हं चढायच्या आत."

*

लोणखेडा शहाद्याला लागूनच. सरलाबाईंचं घर शेताच्या कडेला, ओसरीत पितळी कड्यांचा सागवानी झोपाळा. महिला आघाडीच्या त्या प्रमुख. पन्नाशीच्या, पांढरी खादी, कपाळ मोकळं. नवरा गेल्यावर त्यांनी समाजकार्यात उडी घेतली आणि दहा वर्षं डोंगरातल्या सभा गाजवल्या. भिंतीवर फोटो होते. पाड्यावर खाटेवर बसलेल्या सरलाबाई, भोवती जमिनीवर बायाबापड्या. जामसिंग त्यांना आई म्हणायचा, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

त्यांनी दोघांना सरबत दिलं आणि डोळ्यांना पदर लावला.

"मला यात ओढू नका, आप्पा. मला फार त्रास होतोय. मी समितीत सांगितलं, पण दार बंद करून सांगितलं. पोराची अब्रू जायला नको म्हणून."

"म्हणजे पाहणाऱ्या तुम्हीच?"

"दुर्दैवाने." त्यांनी पदर खाली घेतला. "गुरुवारी भर दुपारी जामसिंग माझ्याकडे आला. हातात हाच टाइप केलेला कागद. म्हणाला, आई, मला हे झेपायचं नाही, मी मागे घेतो. मी समजावलं. हाताला धरून या झोपाळ्यावर शेजारी बसवलं. माझ्या घरात आदिवासी माणूस खाली बसत नाही, आप्पा. सोयरे नावं ठेवतात, पण मी जुमानत नाही. माझ्या हाताने चहा करून दिला. दोन कप प्यायला. मग म्हणाला, अंगठा तुमच्यासमोर देतो. घरात शाई नव्हती, म्हणून दिव्याची काजळी तेलात कालवली. मोरीवर नेऊन साबणाने हात धुववले. आणि कागद घेऊन तो गेला. फाटकाशी दगाजींचा एक माणूस उभा होता. कोण ते मला नीट दिसलं नाही. बैलजोडीचं म्हणतात ते... जाऊ द्या. मी कोणाचं नाव घेणार नाही."

"नाव तर घेतलंच तुम्ही," आप्पा सौम्यपणे म्हणाले.

सरलाबाई गोंधळल्या, पण लगेच सावरल्या. "मला पदाचा मोह नाही. पण पक्षाने सांगितलं तर जबाबदारी टाळणार नाही."

परतीच्या वाटेवर शांतीलालला गहिवरून आलं होतं. "देवबाई शे, आप्पा. भिल्ल-पावऱ्याले झोपाळावर बसाडस! मन्ही बायको तर नातेवाईकले बसू देत नही. आते काही उरनं नही. अंगठा खरा, साक्षीदार खरा. दगाजीनी बैल दिना, जामसिंगनी लिधा. खेळ खलास."

आप्पा गोमाई नदीच्या पुलावर थांबले. पलीकडून दोन पावरे चालले होते, खांद्यावर बांबू, होळीचा असावा. दोघंही अनवाणी. आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले.

"शेठ, सोमवारच्या सभेला जायचंय. पण एक अट घालावी लागेल निरीक्षकाला."

"कसानी?"

"दार उघडं ठेवायचं."

*

सोमवारी दुपारी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. धुळ्याहून आलेले निरीक्षक दरवाजा उघडा ठेवायला तयार नव्हते. "ही पक्षाची अंतर्गत बाब आहे," असं त्यांनी तीनदा सांगितलं. तेव्हा दगाजी पाटीलच मध्ये पडले. "उघडा ठेवा! मन्हावर आळ शे. मले बठासना समोर निकाल पाहिजे."

दार उघडलं आणि जिना, गॅलरी, खालचा रस्ता माणसांनी भरून गेला. चाळीस पाड्यांतली माणसं होती. जामसिंग उंबऱ्यात उभा राहिला. निरीक्षकांनी खुर्ची पुढे केली, ती त्याने घेतली नाही. भुरीबाई पार जिन्याच्या टोकाशी होती.

आप्पा उभे राहिले. "सरलाबाई, तुम्ही जे बंद खोलीत सांगितलं, ते एकदा सगळ्यांसमोर सांगा."

सरलाबाईंनी गर्दीकडे पाहिलं. बोलायची त्यांना सवय होती. सुरुवात दबकत झाली, मग आवाज लागला. जामसिंग कसा आला, त्याला हाताला धरून झोपाळ्यावर कसं बसवलं, आपल्या हातचा चहा त्याने कसा घेतला, मोरीवर साबणाने हात कसे धुतले. हे सांगताना त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

पण दाराशी काहीतरी झालं. आधी गॅलरीतली कुजबुज थांबली. मग जिन्यावरची. एक म्हातारा, दिवाल्या त्याचं नाव, पाड्याच्या पंचांतला, काठीवर रेलून पुढे आला.

"झोपाळ्यावर?" त्याने विचारलं. "गुरुवारी?"

"हो बाबा," सरलाबाई म्हणाल्या.

"तू याच्या हाताला धरलं?"

"आईने मुलाला धरावं तसं."

दिवाल्या मागे वळला आणि आपल्या बोलीत ओरडून काहीतरी म्हणाला. खालच्या रस्त्यापर्यंत एक हसू पसरत गेलं. सुटका झाल्यासारखं हसत होते सगळे. भुरीबाई मात्र तोंडावर पदर दाबून ढसाढसा रडायला लागली.

"काय म्हणाला तो?" निरीक्षकांनी विचारलं.

"तो म्हणाला, बाई खोटं बोलतेय, जामसिंग होळीला येणार," आप्पा म्हणाले. "आता मी सांगतो. शांतीलालशेठ, शनिवारी माझ्या अंगणात काय पाहिलंत?"

शांतीलाल चाचरला. "काय पाहिलं... हाऊ चहा घेयेना. खाटवर बसेना. शाई लावू देयेना. आंघोळ नही. बायकोपासून लांब."

"बरोबर. तुम्हाला वाटलं, पोटात पाप आहे. मला आधी तोच संशय आला होता, खोटं कशाला बोलू? पण मी चार वर्षं धडगावला काढली आहेत. होळीत जो बावा होतो, तो आधीचे सात दिवस पाळणी धरतो. खाटेवर, झोपाळ्यावर, खुर्चीवर बसायचं नाही. पायात काही घालायचं नाही. बाईचा स्पर्श नाही, मग ती स्वतःची बायको का असेना. बाईच्या हातचं खाणंपिणं नाही. आणि अंगाला पाणी लागू द्यायचं नाही. म्हणून त्याला शाई नको होती. लागली तर होळीपर्यंत धुता येणार नाही. जामसिंगने पाळणी कधी धरली, बाबा?"

"मंगळवारी," दिवाल्या म्हणाला. "माझ्यासमोर."

"मंगळवारी धरली, आणि गुरुवारी म्हणे बाईने हाताला धरलं, झोपाळ्यावर बसवलं, दोन कप चहा पाजला आणि साबणाने हात धुववले. एकही पाळणी मोडायची बाकी ठेवली नाही. यातलं एक जरी खरं असतं, तर हा माणूस आज काठी टेकत इथे आलाच नसता. पाड्यावर तोंड लपवून बसला असता."

"पण अंगठा तर त्याचाच आहे ना?" निरीक्षक म्हणाले.

"त्याचाच. पौषातला." आप्पांनी कागद वर धरला. "बाई म्हणतात, टाइप केलेल्या कागदावर त्याने माझ्यासमोर अंगठा दिला. मग काजळी अक्षरावर चढली असती. इथे अक्षर काजळीवर चढलंय. शेठनी भिंगातून पाहिलं ते. आधी अंगठा, मागून टाइप. आणि चार ओळींचा मजकूर फुलस्केपच्या तळापर्यंत का ताणला? कारण अंगठा आधीच तळाशी होता, मजकुराला त्याच्यापर्यंत पोचवायचं होतं. जंगलाच्या अर्जासाठी तुम्ही लोकांचे अंगठे कोऱ्या कागदांवर घेतलेत. सहावं पान उरलं. वीरसिंग, त्यावर कोणाचा अंगठा होता? आता तरी आठवतं का?"

वीरसिंगने मान खाली घातली. "जामसिंगचा. एकट्याचा. तो सगळ्यांत शेवटी देतो. मला भीती वाटली, आप्पा. ते पान माझ्याच ताब्यात होतं. मीच केलं म्हणाले असते."

"म्हणालेच असते. आमचे शेठ तर म्हणालेच." आप्पा किंचित हसले. "किल्ल्या तीन. वीरसिंगने हे केलं असतं, तर त्याने पाळणीतल्या पावऱ्याला झोपाळ्यावर बसवलं नसतं. त्याला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं ते. दगाजी पाटलांनी केलं असतं, तर कागद स्वतःच्याच टेबलावर ठेवून सगळ्या तालुक्याच्या शिव्या खाल्ल्या नसत्या. या कागदाने दोघं मेले, जामसिंग आणि पाटलांचा पुतण्या. उरलं कोण? गुरुवारी वीरसिंग नदीवर गेला होता तो तास कोणाला पुरला? बाई, शनिवारी जामसिंगचा अंगठा स्वच्छ दिसला. तसा तो दिसणार, हे तुम्ही आधीच ओळखलंत आणि साबण-पाणी घातलंत गोष्टीत. हुशारी केलीत. पण पाणीच चुकलं."

सरलाबाई पांढऱ्या पडल्या होत्या. मग एकदम उसळल्या.

"दहा वर्षं!" त्या म्हणाल्या. "दहा वर्षं मी यांच्यासाठी काढली! भाषणं केली, अर्ज केले, सोयऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि तिकीट कोणाला? पाटलांच्या पुतण्याला नाहीतर अंगठेबहाद्दराला! मला कोणी विचारलं? मी बाई म्हणून नुसत्या आरत्या ओवाळायच्या? माझा हक्क नव्हता?"

त्यात थोडं खरंही होतं.

जामसिंग उंबऱ्यातूनच बोलला. आवाज चढवला नाही.

"आई, तू मागितलं असतं तर मीच अंगठा दिला असता." त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. "दहा साल तू आमच्या पाड्यावर आली. दर वेळी आम्ही तुला खाट टाकली. होळीच्या आधी पण आली. आम्ही कुठं बसतो, काय खातो, ते तू एकदा खाली बघितलं असतं, तर आज असं बोलली नसती."

सरलाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. जिन्यावरच्या माणसांनी त्यांना वाट दिली. कोणी शिवी दिली नाही, कोणी हातही लावला नाही. भुरीबाई भिंतीला चिकटून उभी राहिली आणि त्या खाली उतरून जाईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिली.

निरीक्षकांनी घाम पुसला. बाहेरची गर्दी बघून त्यांचा पक्षहिताचा विचार एकाएकी पालटला होता. "ठीक आहे, ठीक आहे. जामसिंगचं नाव आम्ही वर पाठवतो. पाटील, तुमचं काही म्हणणं?"

दगाजींनी एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा रस्त्यावरच्या माणसांकडे. "मन्हं काय म्हणणं ऱ्हाई? पाठवा."

"मग संमतीचा अंगठा घेऊन टाकू," निरीक्षक म्हणाले. त्यांनी कोरा फुलस्केप पुढे सरकवला आणि जांभळ्या शाईचं पॅड उघडलं. "दे इथे, तळाशी. मजकूर आम्ही संध्याकाळी टाइप करून घेतो. मला धुळ्याची गाडी गाठायचीय."

गॅलरीतली माणसं दारातून आत वाकली. शांतीलालसुद्धा तोंड उघडं ठेवून बघत राहिला, म्हणजे त्याच्याही लक्षात आलं होतं.

जामसिंग कागदाकडे बघत होता. मग त्याने मान हलवली.

"आधी लिही," तो म्हणाला. "वीरसिंग, तू लिही. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाच. मग देतो."

वीरसिंग चटकन पुढे झाला. त्याने हाताने लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि गॅलरीत उभा राहून खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. एकदा मराठीत, एकदा पावरीत. दिवाल्याने मान डोलावली.

जामसिंगने अंगठा पॅडवर टेकवला.

"अरे, थांब!" शांतीलाल ओरडला. "पाळणी शे ना तुन्ही! शाई लागी जाई. धुता येवाव नही!"

"राहू दे," जामसिंग म्हणाला. "उद्या होळीत दाखवायचाय."

त्याने कागदावर अंगठा दाबला आणि तो तसाच जांभळा अंगठा वर धरून जिना उतरायला लागला.